सतरा नंबरच्या दाराला काट्या

कडूबाई नव्या घरात राहायला आली त्या दिवशी तिच्याबरोबर चार गाठोडी, एक पाटा-वरवंटा, दोन कोयते आणि पाय बांधलेली एक कोंबडी होती. कोंबडी तिने मागच्या दारी सोडली. पाटा मोरीजवळ टेकवला. गाठोडी मात्र बाहेरच्या खोलीच्या मधोमध ठेवली, भिंतीपासून चांगली हातभर लांब, आणि त्यांच्याकडे पाठ करून ती उंबऱ्यात बसली.

"मावशी, गाठोडी सोडा की," मी म्हणालो.

"सोडू. घाई काय हाय?"

ही १९७१ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. कोपरगावच्या बाजूला, गोदावरीच्या कालव्यावर असलेल्या एका साखर कारखान्याच्या कामगारांनी गृहनिर्माण सोसायटी काढली होती. मी तिच्यात ओव्हरसियर होतो. पहिली चोवीस घरे तयार झाली होती. दोन खोल्या, मोरी, पुढे ओटा, मागे परसापुरती जागा. काळ्या दगडाच्या भिंती, आतून सिमेंटचा गिलावा, खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब. डिप्लोमा होऊन मला दीड वर्ष झाले होते आणि ही घरे पायापासून वर येताना मी रोज पाहिली होती. ती नीट वापरली जावीत म्हणून मी राहायला येणाऱ्यांसाठी चौदा सूचनांचा कागद तयार केला, सोसायटीकडून सायक्लोस्टाइल करून घेतला आणि घरोघरी वाटला. निम्म्या घरांत वाचणारे कोणी नव्हते. तिथे मी स्वतः बसून वाचून दाखवत असे.

सतरा नंबरचे घर सूर्यभानचे. तो कारखान्याच्या गव्हाणीवर, म्हणजे गाडीतला ऊस जिथून आत ढकलतात तिथे, हंगामी कामगार होता. मूळचा जामखेडकडचा. बावीस वर्षे त्याने आणि कडूबाईने ऊस तोडला, मग गेली पाच वर्षे तो गव्हाणीवर. सोसायटीचा सभासद होताना त्याने अंगठा उठवला, तो कडूबाईने दोनदा निरखून पाहिला होता म्हणे.

मी कागद वाचू लागलो. "भिंती अजून ओल्या आहेत. दिवसा दोन्ही खिडक्या उघड्या ठेवायच्या."

"बरं."

"फरशी शेणाने सारवायची नाही. सांध्यांत ओल धरते."

कडूबाईने फरशीवरून तळवा फिरवला. "सारवायचं न्हाई? मग घर झालं कशावरनं?"

"खिळा ठोकायचा तर आधी लाकडाची गुट्टी बसवायची, नाहीतर गिलावा उडतो. स्लॅबवर माती टाकायची नाही."

इथे ओट्यावर बिडी ओढत बसलेला सूर्यभान वळला. "वर माती न्हाई? उघड्या डोस्क्याचं घर?"

त्यांच्याकडे घरांना माळवद असते. लाकडी सरांवर, म्हणजे तुळयांवर, काटक्या आणि त्यावर फूटभर पांढरी माती. दर वैशाखात, मृगाच्या आत, तिच्यावर नवी माती टाकून चोपावी लागते. नाही टाकली तर त्या वर्षी घर गळते आणि पुढच्या वर्षी भिंत बसते. मी त्याला समजावले की स्लॅबला मातीची गरज नाही. उलट माती पाणी धरून ठेवील आणि छत झिरपेल.

"म्हंजी वर्साला त्याला काईच करायचं न्हाई?"

"पन्हाळी तेवढी साफ ठेवायची."

सूर्यभान बायकोकडे बघून हसला. "बग. बसून खानारं छप्पर हाय. माझ्यासारखं."

"लई सांगता बाबा तुमी," कडूबाई मला म्हणाली. "घर हाय का बाळंतीन?"

अकरावी सूचना माझी नव्हती, सोसायटीचे चेअरमन आप्पासाहेब यांची होती. पहिल्या वर्षात घर सलग पंचेचाळीस दिवस बंद राहिले तर ते यादीतल्या पुढच्या सभासदाला दिले जाईल. घर नावावर करून कुलूप लावून ठेवणारे पुष्कळ निघतात, आणि पत्र्याच्या चाळीत साठ कुटुंबे वाट बघत होती. मला तो नियम पटला होता. बंद ठेवलेले नवे घर लवकर खराब होते, हे तर मी पुस्तकातूनच शिकलो होतो. ही सूचना मी सतरा नंबरमध्ये दोनदा वाचली. कडूबाईने दोन्ही वेळा मान हलवली.

त्या हंगामात भिंतींची ओल बघण्याच्या निमित्ताने मी पंधरा दिवसांनी एकदा सगळ्या घरांत जाई. तीन महिन्यांत बाकीच्या घरांची रूपे पालटली. कोणी फळ्या ठोकल्या, कोणी देवाचे कोनाडे रंगवले, कोणी ओट्यावर तुळस आणली. माझ्या सूचना मोडून दोघांनी म्हशी ओट्याच्या खांबाला बांधल्या. फक्त सतरा नंबरच्या भिंतींवर एकही खिळा नव्हता. खिडक्या सांगितल्याप्रमाणे उघड्या, फरशी स्वच्छ, आणि मधोमध चार गाठोडी. हवी ती वस्तू कडूबाई गाठ सोडून काढी आणि पुन्हा गाठ मारून ठेवी.

शेजारच्या अठरा नंबरमध्ये मालनबाई राही. तिचा नवरा कारखान्यात फिटर, आणि ती स्वतः कोपरगावची असल्याचे दिवसातून एकदा तरी सांगत असे. ती मला म्हणाली, "भाऊ, तुमचा कागद काय कामाचा? ह्यांनी घराचं एस.टी. स्टँड करून टाकलंय. गाठुडी बांधून बसल्यात, कधी गाडी लागती म्हणून."

कडूबाई भिंतीपलीकडून ऐकत होती. "गाडी लागली की तुमाला बी घेऊन जाईन," ती म्हणाली. "तेवढंच तोंड हिंडून येईल."

एकदा दुपारी मी तिला विचारलेच, की सामान लावत का नाही. ती ज्वारी निवडत होती. तेरा-चौदाव्या वर्षी लग्न होऊन ती त्याच दसऱ्याला पहिल्यांदा तोडीला आली. तेव्हापासून सत्तावीस कोप्या झाल्या, असे तिने सांगितले. कोपी म्हणजे बांबू आणि पाचटाची, अर्ध्या दिवसात उभी राहणारी, वाकून आत शिरायची झोपडी. हंगाम संपला की बांबू गाडीत टाकायचे आणि पाचट पेटवून द्यायचे. तिला वर्षे आठवत नसत, कोप्या आठवत. मुलगी नवव्या कोपीत झाली, ती आता पाटोद्याकडे दिलेली. मुलगा अकराव्या कोपीत झाला आणि त्याच कोपीत गेला. त्याला तिथेच बांधाकडेला पुरले. आता तिथे ऊस आहे, आणि तो बांध नेमका कुठला हे तिला सांगता येत नाही.

"आता कोपी नाही मावशी. आता कोणी उठवणार नाही तुम्हाला."

"कळतंय की." ती सुपातले खडे वेचत राहिली. "साहेब, मी किती दमलीय ते मला अजून कळलंच न्हाई. दमायला बी येक जागा लागती. चालत्या मानसाला दमता येत न्हाई."

मी तिला भिंतीत फळी बसवून देण्याचे कबूल केले. गुट्टीसाठी सागवानाचा तुकडाही बाजूला काढला. पण नंतर पंपाच्या खोलीचे काम निघाले आणि ते राहून गेले.

त्या वर्षी पाऊस कमी झालेला, ऊसही कमी. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच कारखान्याने शेवटचा लांब भोंगा दिला. हंगाम संपला. तोडकऱ्यांच्या भाषेत पट्टा पडला. दोन दिवस रस्त्याने पूर्वेकडे जाणाऱ्या बैलगाड्यांची रांग चालली होती. वर बांबू, खाली कोंबड्या, मध्ये माणसे.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे दहा एप्रिलला, मी वसाहतीत गेलो तर सतरा नंबरला कुलूप होते. नुसते कुलूप नव्हते. पुढच्या दाराला उंबऱ्यापासून कडीपर्यंत बाभळीच्या काट्या लावलेल्या, सुतळीने पद्धतशीर बांधलेल्या. मागच्या दारालाही तसेच. नव्या सिमेंटच्या ओट्यावर त्या काट्या इतक्या विचित्र दिसत होत्या की येणारा-जाणारा थांबून बघत होता.

"आठ तारखेला सकाळी गेले," मालनबाई म्हणाली. "कोंबडी माझ्याकडं दिली. म्हनली, दसऱ्याला येतो. मी म्हटलं, अगं घर जाईल तुझं. तर म्हनली, काट्या लावल्यात की."

मी बोटांवर हिशेब केला. पंचेचाळिसावा दिवस बावीस मेला येत होता.

गावच्या पत्त्यावर मी कार्ड टाकले. आठ दिवसांनी दुसरे टाकले. उत्तर आले नाही. दरम्यान आप्पासाहेबांपर्यंत बातमी गेली होती. ते स्वतः गव्हाणीवरचेच जुने कामगार, वाईट माणूस नव्हे. त्यांनी मला ऑफिसात बोलावले.

"ओव्हरसियर, सतरा नंबरवाल्यांनी काट्या लावल्यात म्हणे. घर टाकून दिल्यावर लोक काट्या लावतात, पडक्या विहिरीला लावतात तशा."

"येतील ते."

"पट्टा पडल्यावर कोण येतं? यादीत पहिला मच्छिंद्र आहे, भट्टीवरचा. बायको दम्याची, पत्र्याखाली भाजून निघतेय. मी त्याला काय सांगू? काट्या बघत बस म्हणून?" त्यांनी यादीची वही मिटली. "बावीसला कमिटी घेऊन येतो. घर उघडं असलं तर असलं. नसलं तर मच्छिंद्राला किल्ली."

मच्छिंद्राची बायको मी पाहिली होती. आप्पासाहेबांशी वाद घालण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. तेरा मेला शनिवार होता. मी पहाटेच्या गाडीने नगरला, तिथून जामखेडला गेलो आणि तिथून उन्हात सात मैल चाललो. वाटेत एकही हिरवे शेत दिसले नाही.

कडूबाई माळवदावर होती. पदर डोक्याला गुंडाळलेला, हातात लाकडी चोपणे, गुडघ्यावर बसून ती पांढरी माती चोपत होती. खालून सूर्यभान घमेले वर देत होता. मला बघताच ती उठून उभी राहिली.

"साहेब? घर पडलं का काय आमचं?"

"घर उभं आहे. पण बावीस तारखेच्या आत तुम्ही परत आला नाहीत तर ते तुमचं राहणार नाही. मी दोन कार्डं टाकली."

सूर्यभानाने हात झटकले. "कारडं मास्तर वाचून दावतो. त्यो सुट्टीत गावाला गेलाय. साळंच्या खिडकीत पडली आसतील."

कडूबाई शिडीवरून हळूहळू उतरली. तिच्या भुवयांवर, पापण्यांवर पांढरी माती बसली होती. तिने मला अर्धा तांब्या पाणी दिले. गावची विहीर आटली होती आणि पाणी कोसावरून येत होते, म्हणून मी नको म्हणालो. "प्या," ती म्हणाली. "सात मैल आलाय. येवढ्यानं आमची घागर न्हाई आटायची."

"मावशी, कुलूप होतं ना? मग काट्या कशाला लावल्या? कमिटी म्हणते तुम्ही घर टाकून दिलं."

तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितले, की एवढे शिकून मला हेही कसे कळत नाही. "टाकून दिल्याल्या घराला कोन काट्या लावतंय? काट्या लावल्या म्हंजी मानूस परत येनार हाय. आमी समदी अशीच जातो. ज्याच्या दाराला काटी न्हाई, त्यो गेला म्हनायचा."

"पण अकरावी सूचना मी दोनदा वाचली होती."

"ऐकली हुती. म्या काय बहिरी न्हाई." ती भिंतीला न टेकता, सावलीत उकिडवी बसली. "भोंगा झाला आन पायच निघाले, साहेब. गाठी तर हुत्याच मारल्याल्या. येक दिस बसून बगितलं. तोड न्हाई, गाडी न्हाई, काई न्हाई. हात मांडीवर ठिवून बसली. तुमच्या कागदात काय करू नगा ते समदं लिवलंय. पट्टा पडल्यावर त्या घरात बसून काय करायचं, ते कुटं लिवलंय?"

मी चौदाही सूचना मनात फिरवून पाहिल्या.

"झोपा काढा," मी म्हणालो.

कडूबाई हसली. इतक्या महिन्यांत मी तिला पहिल्यांदाच असे हसताना पाहिले. तोंडावरची माती भेगाळली. "ऐकलं का?" ती नवऱ्याला म्हणाली. "इंजनेर कारखान्यावरनं सांगायला आलाय, झोपा काढा म्हनं."

सूर्यभान हसला नाही. "जाऊ द्या साहेब. आमी हंगामी मानसं. हे घर बापाचं हाय, याला दर वर्साला माती लागती. तुमच्या त्या घराला आमी रोज लागतो. दोन घरं करायची तर दोन बायका पायजेत."

"आना की येक," कडूबाई म्हणाली. "निदान मातीचं घमेलं तरी तिच्या डोक्यावरनं येईल."

मग तिने माळवदाकडे बघितले. अर्ध्यावर नवी माती होती, अर्धे उघडे. "हे असं टाकून न्हाई येता येनार," ती म्हणाली. "निम्मं चोपलं आन निम्मं ठिवलं तर पानी जोडातनं शिरतं. तुमाला म्हाईत आसंल."

मला माहीत होते. जोड हीच कुठल्याही छताची कच्ची जागा.

"चोपून झाल्यावर याल?"

"बगू."

सूर्यभानाने घमेले उचलले. मी परत निघालो तेव्हा मागे चोपण्याचा आवाज सुरू झाला होता, एकसारखा, न थांबणारा. तो बराच लांबपर्यंत ऐकू येत होता.

एकवीस मेच्या संध्याकाळी मी सतरा नंबरपाशी जाऊन आलो. काट्या तशाच होत्या. वाळून तांबूस झाल्या होत्या, आणि एका काटीत मालनबाईच्या लुगड्याची चिंधी अडकली होती.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आप्पासाहेब कमिटीच्या दोघांना घेऊन आले. मच्छिंद्र वसाहतीच्या तोंडाशी लिंबाखाली थांबला होता. आम्ही वळलो आणि लांबूनच सतरा नंबरचे उघडे दार दिसले. दोन्ही खिडक्याही उघड्या होत्या. ओट्यावर सूर्यभान बिडी ओढत होता. बाजूला काट्या मोडून चुलीपुरत्या रचून ठेवल्या होत्या.

"सकाळच्या गाडीनं आलो," तो उठत म्हणाला. "जामखेडच्या इष्टीत रातभर उभं ऱ्हायलो. ही आली, काट्या काडल्या, फरशी झाडली आन आडवी झाली. च्या बी न्हाई केला."

आम्ही दारातून आत बघितले. कडूबाई उघड्या शहाबादी फरशीवर झोपली होती. एक गाठोडे उशाला, बाकीची तीन जिथल्या तिथे. हातांच्या भेगांत पांढरी माती अजून होती. पाय कोणीतरी ठेवून द्यावेत तसे पडले होते.

मालनबाई लगबगीने आली. "अगं बाई, कमिटी आलीय आन ही झोपलीय! उठवू का?"

"कशाला?" आप्पासाहेब हळू आवाजात म्हणाले. "घर उघडं आहे का, एवढंच बघायचं होतं." ते खोलीतून नजर फिरवत राहिले. कोऱ्या भिंती, बांधलेली गाठोडी. "पण ओव्हरसियर, ह्यांनी बिऱ्हाड लावलेलंच दिसत नाही. पुढचा पट्टा पडला की पुन्हा हेच व्हायचं."

"फळी मी बसवून देणार होतो," मी म्हणालो. "माझ्याकडून राहिली."

त्यांनी वहीत सतरा नंबरपुढे सही केली आणि मच्छिंद्राला सांगायला ते एकटेच लिंबाकडे गेले. मच्छिंद्राने मान खाली घातलेली इथून दिसत होती.

"आणि तिकडच्या घराचं काय?" मी सूर्यभानाला विचारले.

"औंदा माती पडली. तेवडं तरलं." त्याने बिडी ओट्याला घासून विझवली. "फुडच्या वैशाखात कुनी टाकायची, ते तिला इचारलं. तर म्हनली, झोपू द्या."

आमच्या बोलण्याने असेल, कडूबाईने डोळे अर्धे उघडले. तिला माणसे ओळखू आली असे वाटले नाही.

"भोंगा झाला का?" तिने विचारले.

"नाही मावशी. आता दसऱ्यापर्यंत नाही."

तिने थोडा विचार केल्यासारखे केले. मग उशाचे गाठोडे हाताने ओढत ती भिंतीपर्यंत सरकली, गिलाव्याला पाठ टेकवली आणि पुन्हा झोपी गेली.